धनाजीचा मुदत अर्ज

मे महिन्यात साताऱ्याच्या सदरबझारातनं रोज सकाळी साडेनऊला एक लांबटांग्या पोरगा जायचा. पांढरा शर्ट, काळी पँट, गळ्यात काळा टाय आणि पायात दीड नंबर मोठे बूट. टाय त्याला बांधता येत नव्हता. सांगलीला कॉलेजातल्या एका मित्रानं एकदा बांधून दिलेला, ती गाठ ह्यानं जपून ठेवलेली. संध्याकाळी वासराचं दावं काढावं तसा डोक्यातनं काढायचा, खिळ्याला अडकवायचा, सकाळी परत गळ्यात.

चौकातला चहावाला हाक मारायचा, “या, वकीलसाहेब!” की गडी कानापर्यंत लाल. वकील व्हायला अजून दीड वर्ष होतं. पण गावात तर त्याला बारावीपासनंच वकील म्हणायचे. का? तर कुणी काही विचारलं की लगेच उत्तर द्यायचा नाही, आधी आढ्याकडं बघायचा.

धनाजी त्याचं नाव. माणदेशातला, म्हसवडच्या पुढं माळावर वस्ती. बाप कोंडीबा, आई दगडाबाई आणि नव्वदेक मेंढरं. दिवाळी झाली की घराला कुलूप घालायचं, घोड्यावर बिऱ्हाड लादायचं, मेंढरं घेऊन कोकणात उतरायचं आणि पावसाच्या तोंडाला घाट चढून माघारी यायचं. वर्षातले सात महिने घर बंद. आता बघा, उन्हाळ्याला सांगलीचं होस्टेल रिकामं झालं, बाकीची पोरं आंबे खायला आपापल्या गावी पळाली, आणि हा राहिला बॅग धरून उभा. घर होतं हो, पण घरात माणूस नव्हतं. किल्ली वळचणीला आणि चुलीत कोळ्याची जाळी.

म्हणून मग उन्हाळाभर साताऱ्यात वकिलाच्या हाताखाली राहायचं त्यानं ठरवलं. तसंही ते करायचंच होतं. कॉलेजचा नियम होता, सलग तीस दिवस काम करायचं आणि रोजच्या रोज डायरीत वरिष्ठ वकिलाची सही घ्यायची. ‘सलग’ या शब्दाखाली परिपत्रकात दोन रेघा मारलेल्या. एक दिवस खंड पडला की पुन्हा पहिल्यापासनं मोजायचं. आणि जूनमध्ये कॉलेज सुरू, म्हणजे पुन्हा मोजायला दिवसच नाहीत.

त्याला मिळाल्या संयोगिता मॅडम. पन्नाशीच्या, वडील फौजेत होते, आणि बाईंनी ती सगळी फौज ऑफिसात आणून बसवलेली. फाईल टेबलाच्या कडेला समांतर पाहिजे. पाण्याचा ग्लास झाकलेला पाहिजे. बोलायचं कमी आणि ऐकायचं त्याहून कमी. त्यांच्याकडं तीस वर्षं कारकून असलेला आकाराम मात्र दोघांच्या वाटणीचं बोलायचा.

“वकीलसाहेब, आज काय शिकलासा?” संध्याकाळी विचारायचा.

“पंचिंग मशीन.”

“व्हय, ते लय आवघड हाय. म्या तीन वर्सं शिकलो.”

पाच दिवस धनाजीनं कोर्ट बघितलं, आणि सहाव्या दिवशी कोर्टालाच उन्हाळ्याची सुट्टी लागली. यात्रेला जाऊन पोचावं आणि पाळणेवाल्यानं पाळणे उतरवायला घ्यावेत, तशी त्याची गत. आता काय शिकणार? मॅडमनी त्याला कपाट उघडून दिलं. वीस वर्षांच्या जुन्या फायली. पानांवर पेन्सिलनं नंबर टाकायचे, अनुक्रमणिका करायची, नाड्या बदलायच्या. कसरीनं खाल्लेले कागद नाकात जायचे आणि तो शिंकायचा, शिंक आली की मॅडम वर बघायच्या, मॅडमनी बघितलं की शिंक परत आत जायची.

लिहायला म्हणून तो एकच गोष्ट शिकला, मुदत अर्ज. म्हणजे ‘आज आमची तयारी नाही, पुढची तारीख द्या’ असं कोर्टाला विनवायचं. जुन्या फायलींत दुसरं होतंच काय! कुणाची तब्येत बरी नाही, कुणाचा साक्षीदार परगावी, कुणाच्या घरात लग्न. धनाजीनं इतके मुदत अर्ज वाचले की त्याला स्वप्नातसुद्धा ‘सबब मुदत मिळावी ही विनंती’ असंच पडत असणार.

एकदा मात्र गड्यानं शिकार केली. एका जमिनीच्या खटल्यातलं मूळ खरेदीखत तीन वर्षं सापडत नव्हतं. त्यावरनं आकारामला मॅडमची बोलणी बसलेली. ते धनाजीला भलत्याच फायलीत, एका भाडेकरूच्या कागदांत घडी घातलेलं मिळालं. मॅडमनी ते उलटून पालटून बघितलं आणि म्हणाल्या, “हं.”

आकारामनं त्याला बाहेर ओढलं. “आरं, ‘हं’ म्हनल्या! मला तीस वर्सांत दोनदा म्हनल्यात!”

त्या दिवशी पोराला इतका आनंद झाला, इतका झाला, की तो कुणाला तरी सांगावा म्हणून पळत खोलीवर गेला. आणि खोलीवर कोण होतं? खिळा.

माची पेठेत जिन्यानं वर गेलं की त्याची खोली. शेजारच्या खोलीतली पोलीसभरतीची पोरं गावी गेलेली, त्यांच्या दोरीवर एक बनियन तेवढा वाळत राहिलेला, तो महिनाभर वाळतच होता. सुरुवातीला धनाजी मनात वाचायचा, मग मोठ्यानं वाचायला लागला, मग भिंतीसमोर उभा राहून बाजू मांडायला लागला. भिंत दर वेळी हरायची, पण म्हणून काही बोलायची नाही.

रविवार सगळ्यात वाईट. ऑफिस बंद, आणि संध्याकाळी खानावळ बंद. केळी घेऊन तो एसटी स्टँडवर जाऊन बसायचा. कुठं जायचं नसायचं, पण म्हसवडची गाडी लागते तिथल्या बाकड्यावर बसलं की आपल्याकडचं बोलणं कानावर पडायचं. एकदा एका म्हाताऱ्यानं विचारलं, “बाळ, गाडी कवा हाय?” तर ह्यानं त्याला सकाळपासनं सगळ्या गाड्या, त्यांचे थांबे, कुठली भरून येते आणि कुठली रिकामी, हे सगळं सांगितलं. म्हातारा शेवटी म्हणाला, “कंट्रोलर हाईस व्हय?” आणि गाडीत चढला. खिडकीतनं हातसुद्धा केला नाही बाबानं.

आता फोनचं ऐका. कोंडीबाकडं बटणांचा फोन होता, घोड्याच्या पाठीवरच्या सोलरच्या पाटीवर चार्ज व्हायचा. दगडाबाईला नंबर लावता यायचे नाहीत, पण हिरवं बटण दोनदा दाबलं की लेकाला फोन लागतो हे तिला कळलेलं. एकदा वाजवून ठेवला की ‘आमी बरं हाय’. दोनदा वाजवला की ‘तू कर, बोलायचं हाय’. रोज दहाच्या सुमाराला एकदा वाजायचा. धनाजी फाईल मांडीवर ठेवून खिशावर हात दाबायचा आणि त्याचा दिवस तिथं सुरू व्हायचा.

मेच्या मध्यावर एक दिवस दोनदा वाजला. तो जिन्यात पळाला.

“धना, जेवलास का?”

“जेवलो.”

“काय जेवलास?”

“भाकरी, कालवण, भात.”

“कालवन कशाचं?”

आली का पंचाईत! आढ्याकडं बघायला जिन्यात आढंसुद्धा नव्हतं. “वांग्याचं.”

“तुला वांगं आवडत न्हाई.” दगडाबाईनं तेवढंच म्हणून सोडलं. “बरं आयक. तुजं आबा म्हनत्यात ह्या वर्साला मेंढरं दिऊन टाकायची. माजा गुडगा घाटात आडून बसतुया. मागच्या टायमाला उतरताना मला घोड्यावर बसवली, आन् बिऱ्हाड आबांनी डोक्यावर घ्येतलं. आन् आता मागं कोन हाय?”

धनाजी कठड्यावरची धूळ बोटानं पुसत राहिला.

“तुला बोलत न्हाई मी. तू शीक. येपारी ठरलाय सांगलीकडचा. पन तुजी अकरा हायत त्यात. तुला यावं लागंल हात लावाया.”

त्यांच्या घरातली ही रीत. पोर जन्मलं की बारशाला त्याच्या नावानं एक कोकरी सोडायची. ती पोराची, तिची पिल्लं पोराची, पिल्लांची पिल्लंसुद्धा पोराचीच. बाप झाला तरी त्यातलं एक विकू शकत नाही. विकायचं तर पोरानं स्वतः कपाळाला भंडारा लावायचा, पाठीवर हात ठेवायचा आणि म्हणायचं, ‘जा’. त्याच्याशिवाय ती मेंढी दुसऱ्याच्या कळपात जात नाही.

“आये, मला येता यायचं न्हाई गं. सलग तीस दिवस हायत. एक जरी चुकला तर सगळे वाया.”

“मग कसं रं?”

आणि इथं आमचा वकील जागा झाला. “थांब, मी कागद करतो.”

रात्र होईतोवर थांबलासुद्धा नाही, ऑफिस सुटल्या सुटल्या त्यानं टेबलावर बसून मुखत्यारपत्राचा मसुदा केला. छापील नमुना होताच. दुसऱ्या दिवशी दहाला फोन वाजल्यावर त्यानं आईला तो वाचून दाखवला. “मी, धनाजी कोंडीबा, वय तेवीस, धंदा शिक्षण, लिहून देतो की माझ्या मालकीच्या अकरा मेंढ्यांबाबत हात लावण्याचे, भंडारा लावण्याचे व तदनुषंगिक सर्व अधिकार मी माझे वडील यांना…”

दगडाबाईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“झालं वाचून?”

“झालं.”

“मेंढीला वाचता येतंय व्हय रं?”

जिन्याच्या वरच्या पायरीवर आकाराम चहा पीत होता, त्याला ठसका लागला.

“हे बग,” दगडाबाई म्हणाली, “तू न्हाई आलास तर अकरा जायाची न्हाईत. आन् अकरा ऱ्हायली की आबा बाकीची बी देनार न्हाईत, अर्धा कळप कोन विकतंय? मग दिवाळीला हायच मी परत घाट उतराया. उतरीन. तू नगं काळजी करू.”

‘नगं काळजी करू’ असं आई म्हणाली की पोराला काळजीशिवाय दुसरं काही सुचत नाही, हे कुठल्याही आईला पक्कं ठाऊक असतं.

“घाट चढलो की दोनदा वाजवीन. तितनं तिसऱ्या दिशी पाटनच्या अलीकडं नदीकाठाला आमी बसनार, तिथं येपारी टेंपू घिऊन येनार. बग, जमलं तर.”

जमलं तर! त्यानंतर धनाजीनं फोन एकदाही मुका केला नाही. उशाला फोन, खिशात फोन, आंघोळीला जाताना खिडकीत फोन.

बाविसाव्या दिवशी, सोमवारी, मॅडमना सुट्टीतल्या कोर्टात एका जामिनाचं काम होतं. फाईल धरायला धनाजी. कोर्ट थंडगार शांत, पंखा तेवढा कुरकुरतोय, न्यायाधीश कागद वाचतायत, मॅडम उभ्या राहून सांगतायत, आणि धनाजीच्या खिशातनं एकदम ढोल-गजा सुरू. धनगरांच्या गजी नाचाचा ढोल ठेवलेला रिंगटोन म्हणून, खणखणीत. सगळ्या माना वळल्या. त्यानं दाबला, बंद झाला. मॅडमची एक नजर अशी आली की बूट दीड नंबरानं आणखी मोठे झाले. आणि तेवढ्यात परत ढोल.

दुसऱ्यांदा!

शिपायानं येऊन फोन काढून घेतला. न्यायाधीश म्हणाले, “कोण आहेत हे?”

“माझ्याकडं शिकायला आहे,” मॅडम म्हणाल्या, आणि ‘आहे’ असं म्हणाल्या की ‘होता’ असंच ऐकू यावं.

“हसताय काय?” न्यायाधीशांनी विचारलं.

कारण पोरगं हसत होतं! दोनदा वाजला, म्हणजे आईनं घाट चढला. गुडघ्यासकट चढला. पुढच्या क्षणी त्याच्या ध्यानात आलं, तिसरा दिवस म्हणजे बुधवार. परवा. आणि हसू उतरलं.

फोन संध्याकाळी पाचला मिळाला, वर ताकीद. लावला तर बापाचा फोन बंद. दिवसभर आभाळ आलेलं, सोलरची पाटी काय करणार!

मंगळवारी सकाळी धनाजी मॅडमसमोर जाऊन उभा राहिला. कालचाच राग अजून टेबलावर फाईलीसारखा समांतर ठेवलेला. तो मागं फिरला, आपल्या खुर्चीवर बसला, आणि त्याला जे एकच येत होतं ते त्यानं केलं. कोरा कागद घेतला, डाव्या बाजूला समास सोडला आणि लिहिलं.

‘विनंती अर्ज ऐसाजे. अर्जदाराची नेमणूक सलग तीस दिवसांसाठी आहे. अर्जदाराच्या आईस गुडघ्याचा त्रास असून मेंढरे विकण्याकामी अर्जदाराचा हात प्रत्यक्ष लागणे जरुरीचे आहे. त्यासाठी कागद चालत नाही, कारण मेंढीस वाचता येत नाही. परिपत्रकात सलग असा शब्द असला तरी मागील तीन रविवारी कार्यालय बंद होते व तो खंड धरलेला नाही. म्हणजे सुट्टीचा दिवस आल्याने सलगपणा मोडत नाही. सुट्टी कोणत्या वारी असावी हे परिपत्रकात नमूद नाही. सबब उद्या बुधवारी सुट्टी धरून त्याऐवजी अर्जदार येत्या रविवारी हजर राहील. सबब मुदत मिळावी ही विनंती.’

खाली सही, तारीख, आणि ‘अर्जदार’.

मॅडमनी एकदा वाचलं. चष्मा पुसला. परत वाचलं.

“आकाराम, दुसऱ्या बाजूचं म्हणणं काय?”

“दुसरी बाजू कोन, मॅडम?”

“तू. रविवारी ऑफिस उघडायचं तर तुला यायला लागणार.”

आकाराम दचकला. “मग हरकत हाय! लय हरकत हाय. रविवारी आमच्यात मटान असतंय. आठवड्यातनं योक दिस मानूस मानसावानी जेवतोय, त्यो बी—”

“लेखी दे.”

त्यानं खरंच दिलं. अर्जाच्या समासात लिहिलं, ‘हरकत आहे. रविवार.’ आणि सही ठोकली.

मॅडमनी हिरवं पेन उघडलं आणि खाली हुकूम लिहिला. ‘वाचले. हरकत फेटाळली. बुधवारी कार्यालय बंद, रविवारी चालू. आकाराम यांनी रविवारचा डबा कार्यालयात आणावा. दोघांचा.’

कागद परत देताना म्हणाल्या, “ते रविवारचं कुठनं काढलंस?”

“परिपत्रक वाचून.”

“हं.”

बुधवारी सकाळच्या चिपळूण गाडीत धनाजी खिडकीला बसला. आणि अंगावर काय? पांढरा शर्ट, काळी पँट, टाय. आईनं आजवर त्याला ह्या कपड्यांत बघितलंच नव्हतं ना! पाटण मागं पडलं तसा तो रस्त्याच्या कडेला डोळे लावून बसला. आणि एका फाट्याच्या पुढं दिसल्या, डांबरावर ताज्या लेंड्या, नदीकडं वळलेल्या. “थांबवा, थांबवा!” कंडक्टर म्हणाला, “इथं स्टॉप न्हाई.” “आमची मेंढरं हायत!” टाय घातलेला माणूस असं ओरडला तेव्हा अख्खी गाडी मागं वळली.

नदीकाठच्या रिकाम्या वावरात कळप पसरलेला. कडेला टेंपो उभा, व्यापारी सावलीला बसलेला. धनाजी बांधावरनं बूट सावरत पळत निघाला, आणि काय सांगावं, पांढरं-काळं काहीतरी अंगावर येतंय म्हटल्यावर सगळी मेंढरं एकदम बुजली, उधळली, नदीच्या अंगाला पळाली. एक तांबडं कुत्रं दात विचकून त्याच्यावर आलं. ते हा नसताना जन्मलेलं. त्याला काय ठाऊक हा कोण!

“कोन हाय रं त्यो?” दगडाबाई ओरडली. “बँकवाला हाय काय? लांब ऱ्हा!”

“आये, मी हाय!”

ती कपाळावर हात धरून बघत राहिली. सात महिन्यांत ती वाळली होती, आणि एका पायावर भार देऊन उभी होती. “मग आसा सायबावानी कशाला उभा हाईस? काड ती कापडं, जनावरं बुजत्यात!”

हे झालं कौतुक. मग तिनं कुत्र्याला हाकललं, जवळ आली, त्याच्या गालावरनं हात फिरवला आणि म्हणाली, “वांग्याचं कालवन खाऊन लय वाळलास.”

कोंडीबानं न बोलता आपलं घोंगडं काढून पोराच्या खांद्यावर टाकलं. तो वास अंगावर आला तेव्हा कुठं मेंढरं माघारी फिरली. बगळी सगळ्यात पुढं. ही धनाजीची थोरली मेंढी, पांढरीफेक, त्यानंच बाटलीनं वाढवलेली. ती आली, हुंगली, आणि टायचं टोक तोंडात धरून शांतपणे चघळायला लागली. त्यानं ओढलं तशी तिनंही ओढलं, आणि महिनाभर जपलेली गाठ एका झटक्यात सुटली.

“ऱ्हाऊ दे, तिला भूक लागलीया,” दगडाबाई हसली. मग तिनं भाकरी पुढ्यात ठेवली, आणि पोरगं खात असताना मेंढरांकडं बघत स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, “आता बारा म्हयनं एका दारात बसायचं. सकाळी उटून कुनाला हाळी मारू? आबा तर बोलतच न्हाईत. भितीसंगं काय बोलायचं आस्तंय का?”

धनाजीनं भाकरी खाली ठेवली. भिंतीशी काय बोलायचं असतं, हे त्या वावरात त्याच्या इतकं कुणाला माहीत होतं!

व्यापारी उठला. भंडाऱ्याची पिशवी आली. धनाजीनं एकेकीच्या कपाळाला भंडारा लावला, पाठीवर हात ठेवला, ‘जा’ म्हटलं. एक, दोन, तीन. आठ झाल्या. नववी बगळी. तिच्या मागं तिची पाठ, म्हणजे तरणी लेक, आणि त्या पाठीचं कोकरू. त्यानं हात उचलला, आणि तसाच मागं घेतला.

“ह्यास्नी मी हात लावत न्हाई.”

“म्हंजी?” व्यापारी म्हणाला.

“ही तीन माझी हायत. ऱ्हात्यात.”

कोंडीबा दिवसभरात पहिल्यांदा बोलला. “तीन मेंढरं म्हंजी काय कळप हाय व्हय?”

“न्हाई आबा. पन एकटं मेंढरू वरडून वरडून मरतंय. म्हनून तीन.” त्यानं आईकडं बघितलं नाही. “आये माळावर चारंल. घाट नगं, घोडा नगं. दारातनं सुटली की दारात येत्याल.”

व्यापारी हसत सुटला. “घ्या! वकील केलासा न्हवं पोराला? आता भोगा!”

कोंडीबानं पोराकडं बघितलं, मग बायकोच्या पायाकडं बघितलं. रीत त्याच्याच घरातली, तो काय बोलणार? “चालतंय,” म्हणाला. “बाकीची भरा.”

टेंपो दोन खेपा करून गेला. वावर एकदम मोठं झालं. मेंढरांच्या आवाजानं जे कान सात महिने भरलेले असायचे, त्यांना नदीचं पाणी ऐकू यायला लागलं. दगडाबाई सवयीनं उठली, घोड्यावरची वाघर काढली, म्हणजे मेंढरं कोंडायची ती जाळी, आणि नव्वद मेंढरांची ती अख्खी जाळी खुंट्या ठोकून ठोकून त्या तिघींभोवती लावली. एवढ्या मोठ्या रिंगणात तीन मेंढरं एका कोपऱ्यात चिकटून उभी. मग दगडाबाई आत शिरली, कोकराच्या तोंडात बोट घालून दात बघितले, आणि म्हणाली, “ह्ये खातंय का न्हाई बगायला पायजे.” कळप गेला होता. पण काम मिळालं होतं बाईला.

संध्याकाळच्या गाडीनं धनाजी साताऱ्याला आला. खिळ्याला अडकवायला टाय होता, गाठ नव्हती. गुरुवारी आकारामनं ती बांधून दिली, गळा आवळून.

“काय झालं तिकडं?” त्यानं विचारलं.

धनाजीनं सांगितलं. फोनची एकदा-दोनदाची खूण सांगितली, आठ गेल्या ते सांगितलं, तीन ठेवल्या ते सांगितलं, आतल्या मॅडमनाही सगळं ऐकू जात होतं. वाघर सांगताना थांबला आणि आढ्याकडं बघायला लागला. आकाराम, एरवी तोंडाला कुलूप नसलेला माणूस, नुसता फाईलवरची धूळ झटकत राहिला.

रविवारी कबूल केल्याप्रमाणं ऑफिस उघडलं. मॅडम आल्या, सही झाली, अठ्ठाविसावी की सत्ताविसावी यावर परत वाद नको म्हणून मॅडमनी पुढं आकडासुद्धा टाकला. रस्त्यावर शुकशुकाट. दुपारी आकारामनं चार पुडांचा डबा टेबलावर मांडला आणि उघडला. पिठलं. भाकरी. मिरचीचा ठेचा. कांदा.

धनाजी डब्याकडं बघत राहिला. “काका, मटण?”

“मटानवाल्याचं दुकान बंद हुतं,” आकाराम कांदा फोडत म्हणाला.

रविवारी! साताऱ्यात! मटणवाल्याचं दुकान बंद! मॅडमनी फाईलीतनं डोकं वर काढलं, आकारामकडं बघितलं, आणि न विचारता एक भाकरी ओढून घेतली. धनाजीनंही विचारलं नाही. चौथा घास घेतला तेवढ्यात खिशात ढोल वाजला, आणि त्याचा हात घाईनं खिशावर गेला.

“घे की,” मॅडम म्हणाल्या. “हे कोर्ट नाही.”

त्यानं वाट बघितली. ढोल थांबला. मग तिघंही घास हातात धरून उगीच ऐकत बसले, परत वाजतो का म्हणून. वाजला नाही.

“नको मॅडम,” धनाजी म्हणाला. “एकदाच वाजलाय.” आणि पिठलं वाढून घेतलं.